डीजेला चार भिंती द्या

पावसाळा सरला की मुंबई-पुण्याकडे गाण्यांच्या कार्यक्रमांच्या याद्या झळकू लागतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा हा हंगाम. कोणता डीजे कोणत्या तारखेला, कोणता इंडी बँड कोणत्या जागी, तिकिटे कधी खुली होणार, हे सारे महिना-दोन महिने आधीच ठरलेले असते. या याद्यांचा नकाशा मात्र फार लहान आहे. सनबर्न महोत्सव २००७ मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, २०१६ मध्ये पुण्यात आला, काही वर्षांनी पुन्हा गोव्याला गेला आणि २०२५ च्या डिसेंबरात मुंबईत भरला. एनएच-सेव्हन वीकेंडर २०१० मध्ये पुण्यात जन्मला. लोलापलूझा २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येतो. म्हणजे जवळपास वीस वर्षे हे संगीत मुंबई, पुणे आणि गोवा एवढ्याच त्रिकोणात फिरते आहे. नाशिकच्या पूर्वेलाही बराच महाराष्ट्र उरतो, याची आयोजकांना खबर नसावी. छत्रपती संभाजीनगरात एखाद्या कॅफेत कुणी गिटार घेऊन बसतो, कॉलेजच्या गॅदरिंगला ‘डीजे नाइट’ होते, मोठ्या मैदानावर हिंदी सिनेमाचा गायक येऊन जातो. पण महिन्याच्या अमुक रविवारी अमुक ठिकाणी नवे, स्वतंत्र, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला मिळेल असा भरवसा देणारी जागा या शहरात रुजलेली नाही.

त्यावर ठरलेले उत्तर असे की, इकडे या संगीताला श्रोताच नाही. हे उत्तर देणाऱ्याने लग्नसराईत एकदा कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीला, वेरूळच्या पलीकडे, जाऊन यावे. किंवा त्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात. पिकअपवर बेस आणि टॉपचे स्पीकर रचलेले, मागे जनरेटर, आणि लॅपटॉप व मिक्सरमागे उभा असलेला विशी-बाविशीतला ऑपरेटर. वाजते काय? हलगीचा एक तुकडा कापून पुन्हा पुन्हा फिरवलेला, संबळाची लय, जुन्या गाण्याची अर्धी ओळ, मध्येच सिनेमातला संवाद, आणि या सगळ्याखाली यंत्रावर घडवलेला ठोका. मराठवाड्यातली पोरे घरच्या लॅपटॉपवर असे ‘रिमिक्स’ आणि ‘साऊंड चेक’ बनवतात, यूट्यूबवर टाकतात, पेन ड्राइव्हवरून वाटतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांची जी नवी रूपे ऐकू येतात, ती याच हातांतून उतरलेली असतात. बर्लिन किंवा शिकागोचे नाव न ऐकलेला माणूसही इथे इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचत मोठा झाला आहे. बनवणारा आहे, ऐकणारा आहे, यंत्रे भाड्याने देणारा आहे. नाही ती फक्त बसण्या-उभे राहण्याची, नीट ऐकण्याची जागा.

जागेची एवढी मातब्बरी कशासाठी, असे कुणी विचारेल. कारण जागेवर संगीताचा दर्जा ठरतो. मिरवणुकीत स्पीकरच्या दोन भिंती समोरासमोर आल्या की कुणी कुणाला दाबले एवढा एकच निकष उरतो. त्या स्पर्धेत बारकावा मरतो. बेसच्या पोटात दडलेली संबळाची नक्षी, हळूहळू चढत जाणारी रचना, मध्येच सोडलेली शांतता, यातले काही रस्त्यावर टिकत नाही. म्हणून बनवणाराही ते बनवायचे सोडून देतो. शिवाय ट्रकवर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलेले असते ते साऊंडच्या मालकाचे. सुपारी ठरते ती बेस किती आणि टॉप किती यावर. ट्रॅक कुणी बनवला हे वरातीतल्या कुणालाही ठाऊक नसते आणि त्याला त्याचे वेगळे पैसेही मिळत नाहीत. बंदिस्त सभागृहात कार्यक्रम ठेवला की पत्रकावर बनवणाऱ्याचे नाव छापावे लागते, त्याचे मानधन ठरवावे लागते आणि समोर उभा असलेला श्रोता तिकीट काढून आलेला असल्यामुळे त्याच्यासमोर काहीतरी नवे मांडावे लागते. दोन-अडीचशे माणसांची एक जागा, आधीच ठरलेल्या वर्षभराच्या तारखा, आणि प्रत्येक कार्यक्रमात निम्मा वेळ जिल्ह्यातल्या कलाकाराला: या लेखाची मागणी एवढीच आहे.

मराठीतले असे संगीत दूरवर जाऊ शकते हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. हाऊस संगीताच्या ठोक्यावर अस्सल मराठी शब्द. त्याच वर्षी ‘गुलाबी साडी’ने देशभर धुमाकूळ घातला. तिचा गायक संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला. कन्नडचा औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे जळगाव जिल्हाच लागतो. इतके हे सगळे जवळचे आहे. पण या दोन उदाहरणांवरून ‘मग इंटरनेट आहेच की, जागा कशाला?’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इंटरनेटवर एक गाणे चालते किंवा पडते. पडलेल्या गाण्यातून काय शिकायचे हे तिथे कळत नाही, आणि चाललेल्या गाण्यानंतर तासभर रंगमंच कसा धरून ठेवायचा हेही कळत नाही. ते समोरच्या माणसांच्या पायांकडे बघूनच कळते. या शहराला याचा अनुभव दुसऱ्या क्षेत्रात आला आहे. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था इथली. इथे त्या मंडळींना तालीम आणि प्रयोग करता आले म्हणून ती घडली, आणि व्यावसायिक आधार नव्हता म्हणून मुंबईला गेली. संगीतात तर घडण्याची पहिली पायरीच गायब आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला नेहमीचा: हे विदेशी, आपल्या संस्कृतीत न बसणारे. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये दहा रागांना डिस्कोच्या ठोक्यावर बसवून एक तबकडी काढली. त्यात त्याने रोलँड कंपनीची जी यंत्रे वापरली, त्यांतल्याच एकाच्या आवाजावर पुढे काही वर्षांनी शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ उभे राहिले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर बसला होता आणि गीता साराभाईंसारखे संगीतज्ञ त्यावर काम करत होते. म्हणजे आपण या शर्यतीत उशिरा आलेले पाहुणे नाही. आणि संस्कृतीच म्हणाल तर याच जिल्ह्यातल्या देवगिरीवर, यादव राजा सिंघणाच्या दरबारात, तेराव्या शतकात शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. मूळ घराणे काश्मीरचे, पद राजाच्या जमाखर्चाचे, आणि ग्रंथ असा की हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही परंपरा आजही त्याचा हवाला देतात. त्याने शास्त्रपूत ‘मार्ग’ संगीतासोबत लोकांत चालणाऱ्या ‘देशी’ संगीताचीही तितक्याच गांभीर्याने नोंद घेतली. देशी तालच त्याने शंभरावर नोंदवले. शहरातल्या एमजीएमच्या महागामी गुरुकुलात दरवर्षी शारंगदेवाच्या नावाने समारोह होतो, तो व्हायलाच हवा. पण आज तो हिशेबनीस देवगिरीवरून खाली उतरला असता तर लॅपटॉपवाल्या पोराला त्याने काही प्रश्न नक्की विचारले असते.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो खरा आहे. डीजेच्या भिंतीने म्हाताऱ्यांची झोप उडते, छातीत धडधडते, परीक्षेच्या दिवसांत पोरांना पुस्तक उघडता येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गणेशोत्सवात डीजेला अंतरिम परवानगी नाकारली. त्यानंतरही गावोगावी बंदीच्या मागण्या होत राहिल्या आहेत. या तक्रारीत तथ्य आहे म्हणूनच बंद जागेची मागणी अधिक योग्य ठरते. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. औद्योगिक भागात तीच मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० आहे. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपक बंदीतून सभागृहासारख्या बंदिस्त जागा वगळलेल्या आहेत, अर्थात आवाज आतच राहिला पाहिजे. मुंबईच्या रंगभवनाचे उदाहरण इथे आठवावे. धोबी तलावाजवळचे ते खुले प्रेक्षागृह. १९७८ पासूनच्या जॅझ यात्रा आणि पुढे इंडिपेंडन्स रॉक तिथे गाजले. पण शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातले संगीत थांबले. नियम चूक नव्हता, जागा चुकीची होती. खालच्या पट्टीतला बेस पातळ पत्र्याला जुमानत नाही, त्याला जाड भिंती, दुहेरी दरवाजे आणि आवाजाला लगाम घालणारे यंत्र लागते. हे खर्चाचे काम आहे, पण अशक्यप्राय नाही. वरातीतला आवाज याने बंद होईल असा दावा मी करणार नाही. पण ज्या पोराला महिन्यातून एकदा नीट ऐकवायची संधी आहे, तो भिंत आणखी उंच करण्याच्या शर्यतीतून थोडा तरी बाहेर पडेल.

मग अशी जागा कुठे? महापालिकेची संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह ही दोन नाट्यगृहे नाटकासाठी बांधलेली आहेत. खुर्च्या जमिनीला घट्ट, आणि एकनाथ रंगमंदिर तर दुरुस्तीच्या नावाखाली कित्येक दिवस बंद राहिलेले. नाटकवाल्यांच्या तारखा हिसकावून संगीताचे भले होणार नाही. एमजीएमचे रुक्मिणी सभागृह चांगले, पण तेही बसून बघण्याचे. या संगीताला मोकळी जमीन लागते. ती या शहरात आहे: रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत. उद्योग वाळूज, शेंद्रा, बिडकीनकडे सरकत गेले तशा जुन्या वसाहतींतल्या काही शेड रिकाम्या पडल्या. वस्तीपासून जरा लांब, उंच छत, ट्रक आत जाईल असे दार. मुंबईत २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले ते लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातच; नऊ वर्षे चाललेल्या त्या एका जागेने देशातल्या इंडी संगीताची एक अख्खी पिढी ऐकली. गिरणीची जागा मुंबईत सोन्याच्या भावाची. आपल्याकडे तो प्रश्न निदान तेवढा बिकट नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा: दारू, अमली पदार्थ, चेंगराचेंगरी, आग. याला संस्कृतिरक्षकांची ओरड म्हणून झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबमध्ये २५ जण गेले. दोन्ही ठिकाणी परवाने, बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निशमन यांवर नंतर चौकशा झाल्या. चौकशी आधी व्हायला हवी होती. जुन्या शेडला संगीताची परवानगी देताना अग्निशमन दलाचा दाखला, दोन्ही बाजूंना उघडणारी दारे, ठरलेल्याहून एकही माणूस जास्त नाही, या अटींवर तडजोड नको. दारूबद्दल मात्र वेगळा मुद्दा आहे. मोठ्या शहरांत अशा जागा तिकिटावर चालत नाहीत, बारवर चालतात. पण महाराष्ट्रात कडक मद्याच्या परवान्याला २५ वर्षांचे वय लागते, आणि या संगीताचा खरा श्रोता सतरा ते चोवीस वयाचा. बारवर जगणारी जागा आपल्याच श्रोत्याला दारात अडवते. म्हणून आपल्याकडे बिनदारूची जागाच शहाणपणाची, आणि वेळ रविवारी दुपारी चार ते रात्री आठ. देवगाव रंगारी, कन्नड, वैजापूर, फुलंब्रीहून येणाऱ्या पोरापोरींना त्या रात्रीच परत जाता आले पाहिजे. मध्यरात्रीचा कार्यक्रम हा मुळातच मोटार असणाऱ्यांसाठी असतो. मुलींच्या घरूनही आठला संपणाऱ्या कार्यक्रमाला होकार येण्याची शक्यता जास्त, हे उघड आहे.

पैशांचे गणितही मांडून बघू. अडीचशे तिकिटे, प्रत्येकी तीनशे रुपये, म्हणजे पाऊण लाख. पाचशे रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. यात मुंबईचा नामवंत डीजे येणार नाही, हे मान्य. पण पुण्या-नाशिकचा एक उभरता बँड आणि जिल्ह्यातले दोन कलाकार येऊ शकतात. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला, मुंबईला वंदे भारत आहे. मुंबई, नाशिक, संभाजीनगर, पुणे असा चार मुक्कामांचा दौरा बँडला परवडू शकतो, फक्त प्रत्येक गावात तारीख पक्की हवी. साऊंड भाड्याने देणाऱ्यालाही लग्नसराई आणि सणांबाहेरच्या महिन्यांत काम मिळेल. हे सगळे जमेलच असे नाही. पहिली दोन वर्षे तोटा होईल असे धरूनच चालावे. तो कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो भाडे माफ करून सोसावा, अनुदान देऊन नव्हे. अनुदान आले की उद्घाटक येतो, उद्घाटक आला की भाषण येते.

श्रोता येईल का, या शंकेचे उत्तर या प्रदेशानेच दिलेले आहे. जालना जिल्ह्यातल्या अंबडसारख्या तालुक्याच्या गावी दत्तजयंतीचा संगीत महोत्सव पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. शास्त्रीय संगीत खेड्यात कोण ऐकणार, असे तिथे कुणी विचारत बसले नाही. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून ठरावीक दिवसांत होतो आणि लोक त्यानुसार रजा टाकतात. शहरातला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा इराणी सिनेमा इथे कोण बघणार, असे म्हणणारे होतेच. आज तो दहाव्या वर्षाच्या पुढे गेला आहे. उलट उदाहरण वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे. एकेकाळी वेरूळच्या लेण्यांसमोर होणारा हा दिमाखदार सरकारी सोहळा २०१६ नंतर थांबला आणि २०२३ मध्ये सोनेरी महालाच्या प्रांगणात पुन्हा सुरू झाला. कलाकार थोर होते, पण सात वर्षांच्या खंडात श्रोत्यांची एक पिढी निघून जाते. श्रोता भव्यतेने तयार होत नाही, तारखेने होतो.

म्हणूनच ‘कॉन्सर्ट अर्थव्यवस्थे’च्या सध्याच्या उत्साहाबद्दल सावध राहावे असे वाटते. कोल्डप्लेचे जानेवारी २०२५ चे नवी मुंबई आणि अहमदाबादचे कार्यक्रम झाल्यावर पंतप्रधानांनी भुवनेश्वरात या अर्थव्यवस्थेचा गौरव केला, आणि तेव्हापासून प्रत्येक शहराला आपल्या मैदानावर एक जागतिक तारा हवा आहे. इकडेही कुणी लेण्यांच्या पायथ्याशी भव्य इलेक्ट्रॉनिक महोत्सवाची कल्पना मांडेल. पर्यटन, हॉटेले, विमाने असे आकडे दाखवील. त्या एका रात्रीतून कन्नड तालुक्यातल्या पोराला काय मिळणार? पार्किंगची शिट्टी. अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून इंडी संगीताचा महोत्सव भरतो, तो टिकला कारण अपातानी गावकऱ्यांनी बांबूचे मंच स्वतः उभारले आणि ईशान्येतले बँड त्यात पाहुणे नव्हे तर यजमान होते. आधी महिन्याची जागा, मग वर्षाचा महोत्सव. उलट क्रमाने जाणाऱ्या गावांत मंडप तेवढा उरतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, ज्या तालुक्यांत कपाशी आणि मक्याचा भाव हाच जगण्याचा प्रश्न आहे, तिथे डीजेसाठी सभागृह मागणे म्हणजे थट्टा नव्हे काय? पाण्याचा एकही रुपया इकडे वळवू नये, हे आधीच सांगतो. पण ही मागणी मुळात रुपयांची नाही. पडून असलेली एक शेड, अग्निशमनाची कडक तपासणी, आणि पोलीस, महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ यांच्या परवानग्यांसाठी एकच खिडकी, एवढेच लागते. आज कायदेशीर कार्यक्रम करू पाहणारा मुलगा पोलीस ठाण्यापासून रंगभूमी परिनिरीक्षण मंडळापर्यंत आणि तिथून संगीत हक्कांच्या संस्थांपर्यंत कागद फिरवत बसतो, तर वरातीतल्या भिंतीला कुणी फारसे विचारत नाही. नियम पाळणाऱ्याला जास्त त्रास, ही व्यवस्था उलटी आहे.

महामंडळाने रेल्वे स्टेशन किंवा चिकलठाण्यातली एक रिकामी शेड निवडावी, महापालिकेने वर्षाचे बारा रविवार जाहीर करावेत, आणि पहिल्या कार्यक्रमाच्या निम्म्या वेळेसाठी जिल्ह्यातल्या कलाकारांकडून अर्ज मागवावेत. अर्जात साऊंड किती मोठा आहे हा रकाना नसावा; ट्रॅक कुणी बनवला हा असावा.